रंगोबा साळिंदराच्या छोट्या मोटारी

एका जंगलात, बाळांनो, रस्ताच नव्हता. पायवाटा होत्या, पण चाक फिरेल अशी जागा कुठेच नव्हती. त्याच जंगलात रंगोबा नावाचा साळिंदर राहायचा, आणि त्याला मोटारींचा नाद होता.

खऱ्या नाहीत हं. तळव्यावर मावतील अशा. त्यातही शर्यतीच्या गाड्या त्याला नको असत, राजेरजवाड्यांच्या नको असत. त्याला हव्या असत विलायतेतल्या साध्या घरगुती गाड्या. आई, बाप, दोन मुलं आणि मागे फराळाची टोपली, एवढंच घेऊन रविवारी समुद्रावर जाणाऱ्या. मॉरिस मायनर, ऑस्टिन, हिलमन. नावं घेतानासुद्धा त्याचा आवाज मऊ व्हायचा.

या गाड्या कावळा शहरातून आणून द्यायचा. बदल्यात त्याला रंगोबाच्या पाठीवरचा काटा लागायचा. शहरात म्हणे साळिंदराचे काटे जमवणारे लोक होते.

आधी एका गाडीला एक काटा पडायचा. मग कावळा म्हणाला, "रंगोबा, ही फिकट निळी आहे. निळ्याला मूठभर पडतील."

रंगोबानं पाठ पुढे केली.

बीळ भरत गेलं. कंदमुळांच्या कोनाड्यात ऑस्टिन आल्या. मुलांच्या अंथरुणावर हिलमन आल्या. मुलं दाराशी झोपू लागली. धाकटीनं एकदा एक गाडी ढकलून पाहिली, तेव्हा रंगोबा असा ओरडला की ती दोन दिवस बापाच्या जवळ गेली नाही.

त्याची बायको गोदूबाई सोशिक होती. पण एके सकाळी तिनं नवऱ्याला उजेडात नीट पाहिलं. त्याची पाठ उंदरासारखी गुळगुळीत दिसत होती.

"अहो, रानात राहायचं आणि असं उघड्या अंगानं?"

"काटे काय, पुन्हा येतात," रंगोबा म्हणाला. "ही हिलमन पुन्हा यायची नाही. बंद झाली ती."

"पलीकडच्या ओढ्यावर बिबट्या आलाय. माझ्या भावाकडे टेकडीवर जाऊ. काटे येईपर्यंत तरी."

"आणि यांना कुणाच्या भरवशावर सोडू?"

गोदूबाईनं कंदमुळांची पुरचुंडी बांधली. मग मुलांना पुढे घालून ती निघाली. धाकटी वळून वळून पाहत होती. रंगोबाही दारापर्यंत आला होता. पण हातात फडकं होतं आणि एका गाडीचा टप पुसायचा राहिला होता.

घर रिकामं झालं तसं त्याला फार वाईट वाटलं. मग तिथे नऊ गाड्या मावल्या.

एका संध्याकाळी दारातून आवाज आला. "आहात का घरात? मी बिबटराव. आपला संग्रह पाहायचा होता."

रंगोबा मागच्या भिंतीकडे सरकला. पण 'संग्रह' हा शब्द त्या जंगलात आजवर कुणी उच्चारला नव्हता. सगळे 'खेळणी' म्हणायचे.

"या ना, या. शेपटी जरा सांभाळून."

बिबटराव शेपटी गुंडाळून आत बसला. त्यानं एकेक गाडी पाहिली, मात्र हात कशाला लावला नाही. एका मॉरिससमोर तो थबकला.

"हिची पुढची काच मधोमध दुभागलेली दिसते. म्हणजे ही आधीच्या घडणीची?"

रंगोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हे आजवर कुणी ओळखलं नाही! बायकोनंसुद्धा नाही."

मग तो बोलतच सुटला. बिबटराव मान डोलवत होता. शेवटी रंगोबा म्हणाला, "थांबा, खास चीज दाखवतो." पाठ वळवून त्यानं वरच्या कोनाड्यातली पिवळी हिलमन काढली, दाखवली आणि पुन्हा पाठ वळवून जागेवर ठेवली.

गाडी नीट जागेवर बसेपर्यंत बिबटराव थांबला. जाणकार होता तो.

पुढच्या पंधरवड्यात रंगोबाची शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी अर्थातच बिबटराव होते. "रंगोबा गेले, पण संग्रह विखुरला नाही," ते म्हणाले. "तो मी स्वतः सांभाळतो आहे." ससे गहिवरले. हरणांनी सुरक्षित अंतरावरून टाळ्या वाजवल्या.

"वहिनींनी दोन शब्द बोलावेत," कुणीतरी म्हणालं.

गोदूबाई उठली. तिनं आधी मुलांकडे, मग अध्यक्षांकडे पाहिलं आणि अंगावरचे सगळे काटे उभारले. शेजारी मुलांनीही उभारले, धाकटीनं तर रडत रडत. खळखळ असा आवाज सभाभर झाला.

बिबटरावांनी भाषण तिथेच आटोपलं.

तात्पर्य : पाठीवरचे काटे देऊन छंद जोपासायला काहीच हरकत नाही. मात्र घरी रसिक आला, तर संग्रह दाखवण्याआधी त्याला 'जेवलात का?' असं विचारावं.