एक डोकं कमी

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला, आमच्या शेजारच्या परसात सुधाकर आपटे, वय पंच्याहत्तर, निवृत्त फार्मासिस्ट, गवतावर पालथे पडलेले आढळले. कुंपणापलीकडच्या ट्रेव्हरने अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्समधल्या बाईंनी वाकून खांद्याला हात लावला, तेव्हा आपटेकाकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते इंग्रजीत म्हणाले. "खाली सगळे झोपलेत."

नाडी, रक्तदाब, साखर, तिन्ही व्यवस्थित निघाली. काका पडले नव्हते. जमिनीला कान लावून ऐकत होते.

'खाली' म्हणजे स्पेन. पृथ्वीच्या गोळ्यातून आपल्या परसातून सरळ सुई घातली, तर ती स्पेनमधल्या एका लहान गावाच्या वेशीवर निघते, असं काकांचं म्हणणं. मी नकाशावर पाहिलं. अप्पर हटपुरतं ते बरोबर आहे. परसापुरतं सांगता येणार नाही.

या भूगोलाचे नियम आम्ही शेजारी पाळत आलो. ट्रेव्हरने गवत कापायचं ते दुपारी उशिरा, खाली उजाडल्यावर. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, म्हणून तो मान्य करायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. भूकंपाचा बारीक धक्का बसून कपाटातल्या बशा वाजल्या, की बाकीचे टेबलाखाली शिरत; काका घड्याळाकडे बघून म्हणत, "बस गेली." कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, शिरताना ते स्पॅनिशमध्ये "ब्वेनोस दियास" म्हणत. गल्ल्यावरचे पटेलभाई न चुकता "केम छो" म्हणत. दोघांचंही समाधान होई.

परसाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची उलटी ठेवलेली असे. चारही पाय आकाशाकडे. दंव पडलं की पायांच्या टोकांवर पांढरे ठिपके दिसायचे. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी म्हटलं, "काका, खुर्ची उलटी पडलीय."

"पडली नाही," काका म्हणाले. "बसणाऱ्याच्या बाजूने सुलटीच आहे."

त्यांना गाडी चालवायची परवानगी डोळ्यांमुळे राहिली नव्हती, म्हणून कुठे जायचं तर आमच्या गाडीतून. आमची गाडी जपानमधून वापरून आलेली. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की समोर लाल दिवा लागतो. बटाट्यांची पिशवी ठेवली तरी लागतो. माझी बायको मुग्धा मागे बसायची, काका पुढे. रिमुटाकाचा घाट चढताना ते स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या दगडी कमानींबद्दल सांगत, वायरारापाच्या सपाटीवर सालामांकाच्या वाटेवरच्या गव्हाच्या शेतांबद्दल. पेरू देशात कुस्कोला चढल्यावर सहलीच्या सगळ्या ग्रुपला धाप लागली होती आणि काकांनी सगळ्यांना आलेपाक वाटला होता, ही हकीकत मेंढ्या दिसल्या की येई. एकदा मुग्धा म्हणाली, "काका, हे न्यूझीलंड कधी बघणार तुम्ही?"

"बघतोय की," काका म्हणाले. "वरच्या बाजूने."

पण निघण्यापूर्वी एक गोष्ट ठरलेली. गाडी असो, कम्युनिटी हॉलमधला गणपती असो, कुणाच्या घरचं जेवण असो, उठायची वेळ झाली की काका दारात उभे राहून विचारत, "डोकी भरली का?" मग तर्जनीने एकेक डोकं मोजत. मोजून झालं की थांबत. "एक कमी आहे."

लोक इकडेतिकडे बघत. पुन्हा मोजत. सगळे हजर असत. काका त्यांच्या डोक्यांवरून मागे, रिकाम्या हॉलच्या टोकाकडे बघत राहत आणि मग म्हणत, "असू दे. चला." नवी मंडळी हसत. जुनी मंडळी हसत नसत, कारण त्यानंतर दिवे मालवायला कुणीच मागे थांबायला तयार नसे.

या मोजणीमागची घटना काकांनी मला सांगितली, ती अँब्युलन्स गेल्यावर. ती घडली त्या स्पेनच्या सहलीतल्या पुण्याच्या एका जोडप्याला मी फोन करून ती पडताळली. दोन्ही बाजू जुळतात.

काका आणि शालनकाकू पुण्याच्या एका ग्रुपबरोबर स्पेनला गेले होते. माद्रिदहून सालामांकाला एका दिवसाची सहल होती. सगळी जोडपीच. पुरुष बसच्या पुढच्या भागात, बायका मागच्या भागात, हे पहिल्याच दिवशी आपोआप ठरलं होतं. डोकी मोजायचं काम काकांकडे. वाटेत एका गावात बस चहापाण्यासाठी थांबली. निघताना काकांनी डोकी न मोजता जोडपी मोजली. नवऱ्याचं नाव घ्यायचं, त्याने "आहोत" म्हणायचं, दोन धरायचे. शेवटी स्वतःचे दोन धरले आणि ड्रायव्हरला हात केला.

"मागे बघितलं नाही?" मी विचारलं.

"अरे, कशाला बघू? मी स्वतःला एक असं कधी धरलंच नव्हतं."

मागच्या बायकांना वाटलं, शालन आज नवऱ्याशेजारी बसली असेल. बरंच अंतर गेल्यावर चिवड्याची वेळ झाली. डबा येईना. डबा काकूंकडे होता.

बस परत फिरली. काकू चौकातल्या एका घराच्या दाराशी लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी काळे कपडे घातलेल्या एक आजी. दोघी मिळून मटार सोलत होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. चिवड्याचा डबा अर्धा संपला होता. बसमध्ये चढताना काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अहो, पुढच्या वेळी मोजताना मागे बघत जा." आणि नंतर हॉटेलवर, "खरं सांगू? तिथं बरं वाटत होतं."

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या दुपारी हॉस्पिटलमध्ये मुग्धा त्यांच्यापाशी होती. ती नर्स आहे, पण त्या दिवशी सुट्टीवर होती आणि खिचडी घेऊन गेली होती. काकूंनी डोळे उघडले आणि काकांना विचारलं, "बस गेली?"

"गेली," काका म्हणाले.

"जाऊ दे. मला खुर्ची दिलीय त्यांनी. तुम्ही या सावकाश."

परसात खुर्ची त्यानंतर आली.

एप्रिलमधल्या प्रकारानंतर त्यांचा मुलगा निखिल ख्राइस्टचर्चहून आला. तिथे तो इंजिनियर आहे. त्याने वडिलांना एकटं ठेवणार नाही असं सांगितलं. घर विकायचं ठरलं. काका वाद घालत नव्हते. ते फक्त परसात जाऊन बसत. गिऱ्हाईक घर बघायला आलं, की उलट्या खुर्चीपाशी उभे राहून विचारत, "ही तुम्ही इथून हलवणार का?" गिऱ्हाईक लवकर निघून जाई.

एका दुपारी मी कुंपणाशी होतो. काका म्हणाले, "श्रीरंग, इथून गेलो तर मी तिला दुसऱ्यांदा सोडून गेलो असं होईल. पहिल्यांदा चूक होती. आता मी बघून जाणार."

मी घरात जाऊन नकाशा काढला आणि परत आलो. "काका, ख्राइस्टचर्चच्या खालीही स्पेनच आहे. वायव्येचा कोपरा. समुद्राजवळ."

ते वाकून गवताकडे बघू लागले. ट्रेव्हरचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं होतं. खाली उजाडलं असणार.

"खालच्या गावातून तिकडे बस आहे?"

"असणार. बदलावी लागेल बहुतेक."

"बदलताना चुकायची नाही ना?"

"काकू नाही चुकायच्या."

"हो," काका म्हणाले. "चुकलो मी होतो." मग त्यांनी मला खाली बसायची खूण केली. मी गवताला कान लावला. माती थंड आणि ओली होती. खोलवर सलग घुमल्यासारखा आवाज होता, थांबत नव्हता. वेलिंग्टनची आगगाडी असेल म्हणून मी नंतर वेळापत्रक पाहिलं. त्या सुमाराला गाडी नव्हती. नदी जवळ आहे.

जूनमध्ये घर विकलं गेलं. निखिल सामानाच्या ट्रकबरोबर फेरीबोटीने आदल्या दिवशी पुढे गेला. काकांना वेलिंग्टनच्या विमानतळावर मी पोचवायचं होतं. मुग्धा ड्यूटीवर होती. सकाळी धुकं होतं; कुंपणापाशी उभं राहिलं तर परस दिसत नव्हतं. काकांची एकमेव बॅग मी डिकीत ठेवली. ते परसात गेले. लाकूड फरशीवर टेकल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर त्यांनी खुर्ची सुलटी करून मागच्या दाराच्या पायरीपाशी, घराकडे तोंड करून ठेवली होती आणि स्वतः बाजूला उभे होते, एखादा माणूस उठेपर्यंत थांबतात तसे. मग ते कुलूप लावून गाडीपाशी आले. दार उघडं धरून मला म्हणाले, "डोकी भरली का?"

"काका, आपण दोघंच आहोत."

त्यांनी तर्जनीने मला मोजलं. स्वतःच्या छातीला बोट लावलं. मग वळून मागे बघितलं. बोट पुन्हा एकदा हललं.

"भरली," ते म्हणाले. "चल."

मी गाडी सुरू केली. समोर मागच्या सीटचा लाल दिवा लागला. मी वळून पाहिलं. सीटवर काही ठेवलेलं नव्हतं. काका उतरले, मागचं दार उघडून त्यांनी माझ्या मागच्या सीटचा पट्टा ओढला, थोडा सैल सोडला आणि खटक्यात बसवला. दिवा विझला. विमानतळापर्यंत तो पुन्हा लागला नाही.