आत्याबाईंची अकरावी खेप

आमच्या आत्याबाईंच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेलात, तर तुम्हाला पाणी मिळायचं. नुसतं पाणी, तेही दाराजवळच्या पोत्यावर बसून. दुसऱ्या खेपेला पाण्याबरोबर गुळाचा खडा. तिसऱ्या खेपेला पोतं जाऊन घोंगडी यायची आणि कोरा चहा मिळायचा. पाचव्या खेपेला चहात दूध पडायचं, सातव्या खेपेला ओंजळभर भाजके शेंगदाणे. आणि दहाव्या खेपेला आत्याबाई स्वतः उठून भिंतीला उभी केलेली बाज आडवी टाकायच्या आणि म्हणायच्या, “बसा. आता तुमी घरचं.”

यात वशिला चालत नसे. जात, हुद्दा, जमीन काही विचारायचं नाही, फक्त खेप विचारायची. बौद्ध वस्तीतली सखूबाई सुईण बाजेवर पाय सोडून बसलेली आणि गावचे पाटील समोर पोत्यावर उकिडवे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाटील कुरकुरले तर आत्याबाई म्हणाल्या, “रागवायचं न्हाई. येत जावा. आठ खेपा ऱ्हायल्यात.”

ह्या आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांच्या सख्ख्या आत्या. कोल्हारात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. लवकर विधवा झालेल्या, एकुलता एक मुलगा गोव्यात सरकारी नोकरीला, आणि त्या इथं एकट्या. लिहितावाचता येत नव्हतं, पण कोणाची कितवी खेप हे दारामागच्या भिंतीवर गेरूनं टिंबं देऊन पक्कं नोंदलेलं असे. माणूस ओळखू यावा म्हणून टिंबांच्या आधी एक चित्र. पोस्टमनची पिशवी, सखूबाईचा पाळणा, पाटलांच्या मिशा.

मी लग्न होऊन आले तेव्हा बावीस वर्षांची होते. मॅट्रिक पास, गावच्या शाळेत मास्तरीण. पायांत चपला, हातात घड्याळ, आणि जगात मला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की समजूत. आज माझी नात तशी वागते तेव्हा मी तिला टपली मारते, पण खरं तर ती टपली मलाच असते. तर मी पहिल्यांदा आत्याबाईंकडे गेले, पोत्यावर बसले, पाणी प्याले आणि उठताना सहज भिंतीकडे पाहिलं. आत्याबाई माझं चित्र काढत होत्या. चित्रात एक नाक होतं. नुसतं नाक, आभाळाकडे टोक केलेलं.

“हे माझं?” मी विचारलं.

“मग काय पाटलाचं?”

ही खेपांची पद्धत त्यांनी बोटीवरून उचलली होती. मुलाला भेटायला त्या दर साल उन्हाळ्यात गोव्याला जात. आता कोल्हारच्या माणसानं गोव्याला जायचं तर पुण्याकडून गाड्या बदलत सरळ जावं. आत्याबाई मात्र उलट्या मनमाडला जाणार, तिथून रेल्वेनं मुंबई, आणि भाऊच्या धक्क्यावरून पणजीची आगबोट. सगळे समजावून थकले. त्यांचं एकच उत्तर, “गाडीत कोन वळखतंय आपल्याला? बोटीवर मान हाय.”

खेपेगणिक वाढलेला हा मान म्हणजे काय काय, ते साऱ्या गल्लीला पाठ होतं. बोटीवर चहापाण्याचं बघणारा इसाकभाई म्हणून रत्नागिरीकडचा म्हातारा होता. तो बोटीवर चढायच्या फळीवरूनच हाक मारायचा, “आलात काय नगरच्या आजी?” वरच्या मजल्यावर जिन्याच्या मागं वारं लागत नाही अशी जागा तो आत्याबाईंसाठी सतरंजी टाकून धरून ठेवायचा. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे गूळ. आत्याबाई उसाच्या मुलखात राहून साखरेचा चहा पीत नसत. साखरेच्या गोडाची शिसारी येते म्हणत. त्यांना गुळाचा लागे, तोही बेताचा. तर इसाकभाई खास त्यांच्यासाठी पुडीत गूळ ठेवायचा. “पाच-सातशे मानसं बोटीवर,” आत्याबाई सांगत, “पन गूळ कुनाला? एकटीला!”

एकदा मानाची चटक लागली की माणूस सगळीकडे तोच शोधतो. आत्याबाई पिठाच्या गिरणीत म्हणत, “माझा डबा आधी. बोटीवर असं ताटकळवत न्हाईत.” नगरच्या गाडीत कंडक्टरला बजावत, “ह्या मैन्यात चौथी खेप हाय माझी, खिडकी द्या.” डॉक्टरांना म्हणत, “तिसऱ्यांदा ताप आलाय, आता तरी कडू नसलेली गोळी द्या की.” आणि भगवतीच्या जत्रेत तर त्यांनी रांगेतून थेट देवीलाच आवाज दिला होता, “आई, सोळावी जत्रा माझी! ही कालची पोरं म्होरं कशी?” पुजारी हसून म्हणाला, “आत्याबाई, देवीला सगळे सारखे.” त्यावर म्हणाल्या, “म्हनून तर गर्दी अशी ढकलाढकली करती.”

मला हे सगळं भयंकर अडाणीपणाचं वाटायचं. एकदा मी शाळेत गणित समजावतात तसं समजावलं, “आत्याबाई, बोटीचं तिकीट सगळ्यांना सारखंच ना? पणजीला सगळे एकाच वेळी पोचतात ना? मग जिन्यामागची जागा आणि चिमूटभर गूळ, त्यानं फरक काय पडतो?”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुजी कितवी खेप ही?”

“चौथी.”

“मग च्यात दूध न्हाई. पी आन् जा.”

दुष्काळाच्या सालातला तो मे महिना. प्रवरेच्या वाळूत झिरे खणून बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. आत्याबाईंचा गुडघा धरला होता, एकटीनं जाणं होईना. शाळेला सुटी होती म्हणून ह्यांनी मला सोबत धाडलं. मी वर वर नाखुशीनं आणि आतून आनंदानं निघाले. गल्लीतली कोंडाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, “मास्तरीनबाई, तुमी शिकलेल्या. म्हातारी खरं सांगती का पुड्या सोडती, ते नीट बघून या.” तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात मी बोटीवर निघाले होते.

मुंबईपर्यंत आत्याबाई वाटभर मला शिकवत होत्या. “इसाकभाईनं हाक मारली की लगी ओ द्यायची न्हाई. दुसऱ्या हाकेला बघायचं. मान हाय तो.” धक्क्यावर गावी निघालेल्या चाकरमान्यांची ही गर्दी. ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं. आत्याबाईंनी पदर नीट केला, फळीवर पाय ठेवला आणि थांबल्या. हाक येण्यासाठी थांबल्या.

मागून लोक ओरडले, “ओ आजी, चला म्होरं!”

फळीपाशी चाळिशीचा एक अनोळखी, काटकुळा माणूस उभा होता. “इसाकभाई कुठं हायत?” आत्याबाईंनी विचारलं.

“ते घरी बसले. मी आता त्यांच्या जागी. चला, चला, वाट अडवू नका.”

“मी नगरची आजी. अकरावी खेप हाय माझी.”

“बरं बरं,” तो म्हणाला, आणि आमच्या मागच्या माणसाची ट्रंक ओढू लागला.

जिन्यामागं एक मालवणी कुटुंब ऐसपैस अंथरूण घालून बसलं होतं. आत्याबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यातली बाई फणकारली, “काय बघतास? जागेर नाव लिवलेला आसा काय तुमचा?”

“न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “बसा तुमी. वारं लागत न्हाई हितं. चांगली जागा हाय.”

आम्हाला उघड्यावर, भोंग्याच्या खाली, जागा मिळाली. माझ्या मनात आलं ते लिहायची आज लाज वाटते, पण लिहिते. मला आतून गुदगुल्या होत होत्या. कोंडाबाईला काय काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते.

थोड्या वेळानं तो काटकुळा माणूस चहाची किटली घेऊन आला. आत्याबाईंनी चहा घेतला नाही. गूळही मागितला नाही. त्यांनी आपला फिरकीचा तांब्या काढला, फुलपात्रात कोल्हारचं पाणी ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं. “घ्या. दमला असाल.”

बोटीवर कोणी त्याला पाणी विचारलं नसावं. तो गोंधळला, घटाघटा प्याला आणि पुढं गेला.

“त्याला कशाला पाणी?” मी म्हणाले. “त्यानं तर तुम्हाला ओळखलंही नाही.”

“त्याची माझ्यासंगं पैलीच खेप हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “पैल्या खेपेला मागू नये. द्यावं.”

माझी जुळवलेली वाक्यं तिथंच अर्धी विस्कटली. उरलेली पणजीत विस्कटली.

मुलगा धक्क्यावर घ्यायला आला होता. सज्जन माणूस, पाया पडला, गाठोडं उचललं, आणि घड्याळ पाहिलं, कारण कचेरीला उशीर होत होता. घर दोन खोल्यांचं, लख्ख. सून तिकडचीच, शिकलेली, गोड बोलणारी. “या, बसा ना,” म्हणाली. आत्याबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन, जशी माणसं दवाखान्यात बसतात. पाटलांना पोत्यावर बसवणाऱ्या माझ्या आत्याबाई!

सुनेनं आतून विचारलं, “आई, चहात साखर किती घालू?”

मी आत्याबाईंकडे पाहिलं. अकरावी खेप होती ती. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “घाल की दोन चमचे.”

आणि प्याल्या. सगळा प्याल्या. कपाच्या तळाशी उरलेली साखरसुद्धा बोटानं घेतली, कोणी बघत असेल म्हणून.

आठ दिवस आम्ही तिथं होतो. कोणी त्यांचा अपमान केला नाही, हे सांगायलाच हवं. सून नम्रच होती, नातू लाजरा होता. पण आत्याबाई माठाला हात लावण्याआधी विचारत, “पानी घिऊ का?” आणि सून दर वेळी म्हणे, “घ्या ना, विचारता कशाला?” रोज संध्याकाळी विचारत, “अंथरून कुठं घालू?” आणि रोज सून इकडेतिकडे बघून नवी जागा सांगे. कोल्हारचं बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आतल्या मांडणीवर गेली ती आम्ही निघेपर्यंत तशीच होती. शेजारीण आली तेव्हा सून म्हणाली, “ह्यांच्या गावाकडून पाहुण्या आल्यात.” आत्याबाई हसल्या आणि खुर्चीवर अजून थोड्या पुढं सरकल्या.

तिकीट सारखंच आणि पोचायचंही एकाच वेळी, मग फरक काय, असं मी मोठ्या ऐटीत विचारलं होतं. दर साल ह्या खुर्चीच्या कडेवर बसायला निघालेल्या बाईला वाटेत एका माणसानं तरी ओळखून हाक मारावी, तिला काय लागतं ते लक्षात ठेवावं, एवढाच तो फरक. मॅट्रिकला हे शिकवत नाहीत.

परत आलो त्या दिवशी संध्याकाळी गल्ली आत्याबाईंच्या ओट्यावर जमली. कोंडाबाई पुढंच. माझ्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाली, “काय मास्तरीनबाई? बोटीवर म्हातारीला मान मिळाला का न्हाई?”

मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. कप्तान स्वतः खाली आला, गुळाची अख्खी ढेप दिली, असं ठोकून द्यायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाईच बोलल्या.

“कसला मान! कुनी वळखलं न्हाई. इसाकभाई घरी बसला. जागा न्हाई, गूळ न्हाई, भोंग्याखाली बसून कान किटलं.”

बाया खो खो हसल्या. “धा खेपा पान्यात गेल्या म्हना की आत्याबाई!”

“गेल्या तर गेल्या. नवा मानूस हाय, पुना एकपासून मोजायचं.” आत्याबाई ताठ बसल्या होत्या. हसण्याचा एक थेंब त्यांना लागला नाही.

कोंडाबाईला तेवढ्यानं पुरेना. “आन् लेकाकडं? तितं तरी वळखलं का?”

आत्याबाईंनी पदर सारखा केला. “लेकाकडं? इचारूच नगं. सून उंबऱ्यापातुर पळत आली. बस म्हनायच्या आत खुर्ची. अंथरून ठरल्या जागी, माठ माझ्या हाताशी. घरभर आई आई. आन् च्या...” इथं त्या जरा थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. फळ्यावरचं उदाहरण अर्धं सोडून मी मुलांकडे बघायचे, तसं ते बघणं होतं.

मी ते उदाहरण पुरं केलं. “आणि चहा गुळाचा,” मी म्हणाले. “सून विचारतसुद्धा नाही. हातात कप येतो तो बेताच्याच गोडाचा. मी आठ दिवस बघत होते.”

आयुष्यात मी पुष्कळ खरं बोलले आहे. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, दुसरं करणार काय? त्यातल्या फार थोड्या बोलण्याचा मला अभिमान आहे. ह्या खोट्याचा मात्र आहे, आणि त्याहून जास्त त्या बाईचा आहे, जिनं स्वतःची फजिती भर ओट्यावर सांगून टाकली आणि लेकाची झाकली.

कोंडाबाईचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे बघत राहिली. आत्याबाई मोठ्या तोऱ्यात तिला म्हणाल्या, “बघ! आन् सांगती कोन, तर मास्तरीन. ती न्हाई खोटं बोलायची.”