मोहनरावांचे कर्णे आणि गावाचे कान

"पंचायतीची निवडणूक आपल्या खिशात हाय!" मोहनराव गरजले आणि त्यांनी दारातल्या कडुनिंबावर असा कर्णा चढवला, की उजनी धरणातल्या माशांनीसुद्धा उमेदवाराचं नाव पाठ करावं! पहाटेपासून एकच घोष : 'मोहनरावांनाच मत द्या!'

पहिल्या दिवशी गाव दचकलं. दोन दिवसांत कर्ण्याखालची म्हैस निवांत रवंथ करायला लागली. आठवड्यानं शेजारच्या रंगूबाईनं विचारलं, "अवो, औंदा तुमी उभं ऱ्हायलाय व्हय?"

मोहनराव हादरले! तडक गावातल्या नानांच्या लेकीला, करुणाला गाठलं. ती बारामतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची.

"काका, सारखा तोच आवाज आला की मेंदूतल्या पेशी त्याची दखलच घेत नाहीत. काही बदललं, की मात्र टक्क जाग्या होतात."

"म्हंजी आवाज वाढवू!"

"तसं नाही, काका..."

पण काका केव्हाच एस.टी. स्टँडवर! बारामतीहून कर्ण्यांची फौज आली. गावाला त्याचीही सवय झाली. पंचाईत झाली ती घरात. मीठ मागायचं तरी मोहनराव रानातनं हाळी दिल्यागत ओरडायचे.

मतदानाच्या तोंडावर त्यांनी गावजेवण घातलं. भर दुपारी अंगणात पंगत बसली. गर्दी पाहून त्यांच्या पत्नी चंद्राबाई चुलीपासनं ओरडल्या, "अवो, आमटीत पानी वाढवू का?"

नेमकी तेवढ्यात लाइट गेली. कर्णे गप्प! सगळ्या पंगतीचे कान सशानं टवकारावेत तसे उभे राहिले. मोहनरावांच्या डोक्यात मात्र कर्णा अजून वाजतच होता. बेंबीच्या देठापासून ते ओरडले,

"वत की घागरभर! मेंढरं हायती समदी! आज पानी तरी मिळतंय, निवडून आल्यावर त्येबी न्हाय!"

पंगतीतले भुरके थांबले. रंगूबाई भरल्या ताटावरनं उठली, तिच्यामागं सगळी पंगत.

करुणा हळूच म्हणाली, "काका, आज मात्र गावानं तुमचा शब्दन् शब्द ऐकला!"

निकालात मोहनराव असे आपटले, की घरच्या मतांचीसुद्धा शंका यावी. रात्री त्यांनी विचारलं, "तू तरी मत दिलंस न्हवं मला?"

चंद्राबाई तांदूळ निवडत राहिल्या. मोहनरावांनी पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं, गावाला शिव्या घातल्या, नशिबाला बोल लावला. शेवटी दमून गप्प बसले.

तेव्हा कुठं चंद्राबाईंनी दचकून मान वर केली.

"काय वो? काय म्हनत हुता का?"