स्थिर डोक्यांचा अभ्यास

वारंवार येणाऱ्या मिरगीच्या झटक्यांचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे एमआरआय काढून तपासण्याचा प्रकल्प बुलढाणा जिल्ह्यातल्या एका केंद्रात सुरू झाला. अट एकच होती. सहभागी होणाऱ्याला वारंवार झटके येत असावेत.

साखरखेर्ड्याची समता आईला, जनकाबाईंना, घेऊन आली. झटके समतालाच यायचे, आणि ती तलाठी भरतीचा अभ्यास करत होती. झटक्यांमुळे पाठ केलेलं पुसलं जातं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"शेवटचा झटका कधी आला?" लिपिक उद्धवरावांनी विचारलं.

"परवा."

"मग आत घेता येणार नाही. मशीनमध्ये झटका आला तर डोकं हलतं, चित्र बिघडतं. झटके थांबले की या."

"थांबल्यावर कायले येऊ, भाऊ?"

उद्धवरावांनी प्रश्न वरिष्ठांकडे पाठवला. वरिष्ठांनी तो रास्त ठरवून प्रलंबित ठेवला.

याच नियमाने सगळे रुग्ण परत गेले. मशीन मात्र रिकामं ठेवणं शास्त्राला धरून नव्हतं. प्रकल्पप्रमुख डॉ. सौमित्र म्हणाले, "मशीनला डोकं लागतं, आजार नाही." मग पहारेकरी, चहावाला आणि उद्धवराव यांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेतल्या. उद्धवरावांचं डोकं इतकं स्थिर निघालं की तंत्रज्ञाने मध्येच थांबून त्यांची नाडी पाहिली. निष्कर्ष निघाला: वारंवार येणाऱ्या झटक्यांचा मेंदूवर कोणताही परिणाम होत नाही.

निष्कर्ष जाहीर करण्याच्या समारंभात समता प्रश्न विचारायला उभी राहिली आणि तिथेच तिला झटका आला.

व्यासपीठ रिकामं झालं. डॉ. सौमित्र यांनी उजव्या पायातला बूट काढून तिच्या नाकाला लावला. प्रमुख पाहुण्यांनी कांदा मागवला. उद्धवरावांनी केंद्राच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला.

"सरका न बाप्पा, हवा तं येऊ द्या पोरीले," म्हणत जनकाबाईंनी तिला कुशीवर वळवलं.

थोड्या वेळाने समता भानावर आली.

"हा बूट कोनाचा?"

"माझा," डॉक्टर संकोचून म्हणाले.

"सर, झटका मले येते अन् डोकं तुमचं काम करत नाही. त्याचंच चित्र काढा ना."

सूचना तत्काळ मंजूर झाली. समताला ताजा झटका आल्याने तिची प्रतीक्षा मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली.

नव्या प्रकल्पाला झटके न येणारी, स्थिर डोक्याची, सुशिक्षित माणसं हवी आहेत. म्हणजे तुम्हीच. येताना चप्पल घालून या. ती तुम्ही कधी काढता, तेच पाहायचं आहे.