विहीणबाईंचा जर्मन

आधीच सांगून ठेवते, हॉलंडात उइटहॉर्नला माझ्या लेकाच्या घरी गणपतीचा नैवेद्य माझ्याच हातचा असतो! दरवर्षी तिकडच्या उन्हाळ्यात मी विमानात बसते ती तेवढ्यासाठी. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण माझ्या मोदकाच्या कळ्या मोजायला लोक चष्मा लावतात! आणि माझी नात स्वानंदी माझ्या मांडीला मांडी लावून पारी वळते.

यंदा मात्र सुनेची आई, मंजूषाबाई, पुण्याहून आल्या. एकट्या नाही, सोबत एक जर्मन घेऊन आल्या. मेलेला!

"आमच्या माहेरचे मुळे मूळचे म्यूलर हो, जयंतीताई!" पहिल्याच चहाला सुरुवात. "पहिला म्यूलर शिंद्यांच्या फौजेत भाडोत्री शिपाई होता. तोफा डागायचा. इकडचीच बायको केली, आडनाव बदललं आणि राहिला."

"मग आमच्या शेजारचे गोरे इंग्रज असतील," मी म्हटलं.

पण स्वानंदी भुलली! शाळेत वर्गापुढे बोलायचं होतं, विषय ठरला जर्मन शिपाई. गोष्ट ऐकायला मंजूआजी, तळ्यावर बदकं बघायला मंजूआजी. पारी वळून बघू म्हटलं, तर "लेटर, आजी." माझ्या पोटात अशी आग पडली की तिच्यावर मोदकांचा घाणा उकडून निघाला असता!

सुयशने, माझ्या लेकाने, लाळ तपासायची नळी मागवली. नळीत थुंकायचं, पाठवायची, मग ते तुमचे पूर्वज सांगतात. विहीणबाई थुंकल्या. त्यातही काय तोरा, जसं काही अत्तरच भरताहेत! फेस बसेपर्यंत नळी ओट्यावर उघडी ठेवून आंघोळीला गेल्या.

मी नळी सिंकमध्ये ओतली, धुतली आणि पुन्हा भरून ठेवली. माझी! माझ्या माहेरचे तोडणकर चार गावांपलीकडे सोयरीक करत नाहीत, जर्मन कुठून निघणार? बसा म्हटलं आता कपाळाला हात लावून!

निघाला! दोन टक्के जर्मन! वर एक जिवंत नातेवाईकसुद्धा. एनस्खेडेपलीकडे जर्मनीची सरहद्द ओलांडली की पहिल्याच गावात कुणी हेर ब्रिंकमन म्हणून म्हातारा. हेर म्हणजे गुप्तहेर नव्हे, तिकडचं श्रीयुत!

थुंकी माझी, म्हणजे जर्मनही माझाच!

"पण हा ब्रिंकमन! तुमचा म्यूलर कुठे गेला?" मी तेवढ्यात फट शोधली.

"फौजेतून पळाला असेल, म्हणून नाव बदललं असेल."

"पळपुटा म्हणा की!"

"पळायलाही छाती लागते, ताई!"

मग व्हिडिओ कॉल झाला. विहीणबाई पैठणी नेसून "गुटेन टाग" म्हणाल्या. पडद्यावर म्हातारा आला. सुपासारखे कान, पुढे आलेली हनुवटी, बोलताना एक भुवई वर... अहो, हा तर माझा दादा! चुना फासलेला!

"आई, नाक अगदी तुझं गं!" सूनबाई हिमानी आपल्या आईला म्हणाली.

कुठलं नाक! मी पदर तोंडात कोंबला. सांगू कुणाला? आणि काय? नळीचं?

हरतालिकेच्या दिवशी तिकडून निरोप आला. हेर ब्रिंकमन गेले.

माझी जीभ माझ्याआधी उठली. "सुतक! विहीणबाई, व्हा बाजूला! नैवेद्याच्या भांड्यांना हात लावायचा नाही!"

"आई, दोनशे वर्षांपूर्वीचं नातं," सुयश म्हणाला. "कसलं सुतक?"

"दोन टक्के निघालंय ना? ज्याचं रक्त त्याला सुतक! लेकीला माहेरचं तीन दिवस!"

विहीणबाई डोळे पुसत कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी ऐटीत पदर खोचला. "स्वानंदी, हात धू गं, पाट मांड!" पोर आली. उद्यासाठी तांदळाची पिठी परातीत चाळून घेणार, तोच हात जागच्या जागी थांबला.

ज्याचं रक्त त्याला सुतक.

कपाळ माझं! मघाशी इतक्या मोठ्यांदा म्हणाले होते की शेजारच्या डच बाईंनाही नियम पाठ झाला असेल! लेकाला फसवीन, विहिणीला तर हौसेने फसवीन, पण उद्या पाटावर बसणाऱ्याला कशी फसवू? त्याचे कान सगळ्यांत मोठे!

"विहीणबाई," मी परात दूर सारली, "सुयश म्हणतो तेच खरं. तुम्हाला नाही सुतक. तुम्हीच करा मोदक."

"आणि तुम्ही?"

"माझा खांदा दुखतोय."

स्वानंदीचे डोळे एवढाले झाले. विहीणबाई गहिवरल्या, हात पसरून माझ्याकडे धावल्या. "ताई, केवढं मन तुमचं!"

"शिवू नका!" मी किंचाळून सोफ्याच्या मागे उडी मारली.

"बघ, मनातून राग गेलेला नाही," हिमानी सुयशला हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दर्शनाला मंडळी आली. मी सोवळ्यापासून लांब, जिन्याच्या पायरीवर. स्वानंदी मंजूआजीशेजारी, पिठाने माखलेली. आणि जो येई तो मोदक घेऊन आधी विहीणबाईंपाशी जाई, हात हातात घेई, "वाईट झालं हो!" म्हणे. त्याही हुंदका देऊन घेत.

माणूस माझा गेला आणि समाचाराला लोक त्यांच्याकडे!