सुधाकरचे रिकामे ऑटो

सुधाकरच्या डाव्या हातावर बॉलपेनने चौकोन काढलेले असतात. प्रत्येकात वेगळं मलम. कातडी लाल होते का, ते दिवसभर बघतो. पुतणीच्या लग्नात तो हात वर धरूनच जेवला, वरणाचा थेंब पडू नये म्हणून. व्याह्यांना वाटलं, लकवा मारलाय.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि शंकर नगरात भाडेकरू येऊ लागले, त्यातलाच हा. वर्ध्याचा, औषधांच्या कॉलेजात शिकवणारा, एकटा. माझ्या वरच्या खोलीत राहतो. मी चौथी शिकलेली. पण ऐकायला दुसरं कोणी नाही, म्हणून मलाच शिकवतो.

"काकू, हळद वरून फासून काय होते? आत पोचली पाह्यजे!"

त्यासाठी तो तेलाचे थेंब करतो, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांत हळदीचा अर्क भरतो आणि ते जेलमध्ये, म्हणजे त्या मलमात, कालवतो.

"हळद म्हणजे सवारी, थेंब म्हणजे ऑटो."

"अन् जेल?"

"ऑटो स्टँड. तिथून एकेक ऑटो सुटते."

"रायपुरातला ऑटो सवारी भरल्याबिगर सुटते काय रे?"

तो हसला नाही. तो हसत नाही, भितो. गॅसला भितो, जिन्याला भितो, स्वतःच्या मलमाला तर फारच. वरच्या खोलीत लाइट टिकत नाही म्हणून शिश्या माझ्या फ्रिजमध्ये, ठेच्याशेजारी. रोज सकाळी विचारणार, "कोणी हात तं नाही लावला?"

मी लावला. गोल बाजारातल्या नव्या चपलेने टाच सोलली होती. मला शुगर आहे. जखम भरेना, कडा काळी पडली. डॉक्टर पाय कापतील या भीतीने मी कोणाला दाखवली नाही. बंगळूरच्या मुलालाही कळवलं नाही. चिंधी बांधून फिरत होते. सुधाकरला फक्त इतकंच म्हटलं, "थोडं खरचटलं, तुझं जेल दे."

"उंदरालेही नाही लावलं अजून! तुमाले कसं देऊ?"

मग मीच एक शिशी काढली. थंडगार वाटायचं. ठणका गेला. मी खूश.

एका सकाळी तो शिशी उजेडात धरून ओरडला, "काकू, हे कमी कशी झाली?"

"मी लावली पायाले. गुण येऊन राह्यला."

त्याने शिशी माझ्यापुढे धरली. "काकू, यात हळद नाही. रिकामे ऑटो आहेत हे. भरलेल्या जेलनं फरक पडते का, ते पाहाले हे कोरं ठेवलं होतं."

मग त्याने चिंधी सोडली. वास आला. मीही पहिल्यांदाच नीट वाकून पाहिलं. ठणका गेला नव्हता, टाचेला काही कळेनासंच झालं होतं.

"पाय राहील ना रे?"

त्याने मला धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं. एरवी खड्डा आला की दांडी धरून राम राम करणारा माणूस रिक्षावाल्याला म्हणाला, "भैया, भगाओ!"

वाटेत एकदाच बोलला, माझ्याकडे न बघता. "मायच्या पायाले मी हळद लावत बसलो होतो, काकू. घरीच. कमी होईन म्हणे. आधी पाय गेला, मग माय."

दवाखान्यात डॉक्टरने टाच दाबून पाहिली. आज आलात म्हणून बोटभर मांस काढून भागेल, म्हणाला. पुढचं आठवड्याने सांगू. नर्सने कात्री उचलली आणि सुधाकरला म्हणाली, "भैया, पैर कसके पकड़िए, हिलना नहीं चाहिए."

त्याने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी माझा घोटा धरला.

"हालू नोको वं माय," तो पुटपुटला. "झालंच आता. हालू नोको."

मी हलत नव्हते. हलत होते ते त्याचे हात.