इंजिनावरच्या अक्षता

ही हकीकत मी गेल्या वर्षी, दसरा उलटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, जव्हारला उत्तमरावांच्या ओसरीवर बसून खुद्द त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आत भाकऱ्या थापता थापता दुरुस्त्या सुचवीत होत्या. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला, तिथे मी सुशीलाबाईंचे म्हणणे ग्राह्य धरले आहे. (तसे करावे, असे उत्तमरावांनीच खालच्या आवाजात सुचवले.)

उत्तमराव एका कार्यालयात आवक-जावक पाहतात. त्यांच्या पत्र्याच्या पडवीत उभी असलेली गाडी मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या मेहुण्याची, तुळशीदासची. तो ठाण्याला नोकरीला; तिथे गाडी लावायला जागा नाही, म्हणून ती बहिणीच्या दारात. दसऱ्याला येऊन, त्याच गाडीने तो खोडाळ्याला मुलगी पाहायला जाणार होता. आधीचे स्थळ ‘मुलगा एसटीने आला’ एवढ्यावरून फिसकटले होते, असे त्याचे ठाम मत होते.

अशा गाडीखाली उत्तमरावांना तेलाचा डाग दिसला. त्यांनी एक अगदी लहानसा निर्णय घेतला : खाली पुठ्ठा ठेवून पाहावे. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग होता. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून निदान झाले की इंजिनाच्या मागचे, तेल अडवणारे सील गेले आहे. त्यासाठी इंजिन उतरवावे लागते. आणि या गाडीचे ते वर उचलून निघत नाही, खालून सोडावे लागते.

“गॅरेजला न्या की,” सुशीलाबाई म्हणाल्या.

“अगं, तुझ्या भावाला शब्द दिलाय मी. गाडी परक्या हातात देणार नाही म्हणून.”

“मग तुमचे हात कुठे ओळखीचे आहेत तिच्या?”

उत्तमरावांनी प्रत्येक नळीला आणि वायरीला कार्यालयातल्यासारखी क्रमांकाची चिठ्ठी बांधली. मग जॅकवर तोलत इंजिन इंचाइंचाने खाली, गोणपाट घातलेल्या फळ्यांवर उतरले. प्रश्न पुढेच होता. इंजिन खाली, गाडी त्याच्यावर. बाहेर काढणार कसे?

जामसरहून त्यांच्या ओळखीचा जिवा आला, तोच या प्रश्नाला उत्तर घेऊन. त्याच्या पाड्यात कुडाच्या घराचे छप्पर उचलायचे असले की सगळे येतात, खांदा लावतात, जेवून जातात. त्याच रीतीने पाड्यातली माणसे आली, पुढच्या चाकांच्या मागून जाडजूड वासा गेला आणि ‘हय्या!’ म्हणताच गाडीचे तोंड आभाळाकडे गेले.

“छपरापरास हलकी हाय, भाऊ,” जिवा म्हणाला. “आन् गळत पन नाय.”

(‘गळत नाय’ हे शब्द उत्तमरावांनी त्या वेळी मनावर घ्यायला हवे होते.)

गाडी ओंडक्यांवर टेकवली, इंजिन ओढून ओसरीपाशी आणले. उत्तमरावांनी त्याच्या सगळ्या उघड्या तोंडांत फडकी कोंबली, कारण आत खडा जरी गेला तरी इंजिन संपले, असे व्हिडिओत बजावले होते. जुने सील निघाले. ते ठणठणीत दिसत होते. उत्तमरावांनी ते दोनदा पाहिले, मनातला विचार बाजूला सारला आणि नवे बसवले. दुपारी परतल्यावर इंजिन चढवायचे ठरवून ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले.

तो दिवस खंडेनवमीचा होता. दुपारी ते परतले आणि दारातच थबकले. इंजिन पाटावर होते. त्याला झेंडूचा हार होता, हळदीकुंकवाची बोटे होती. शेजारी पाने, पक्कड, जॅक ओळीने मांडून पुजलेले. उदबत्ती इंजिनाच्याच एका भोकात खोचलेली.

“घरातली हत्यारं आज पुजायची नाहीत, तर कधी?” सुशीलाबाई म्हणाल्या.

“फडकी कुठायत?”

“ती तेलकट बोळे? पूजेत बरी दिसतात का? काढली.”

उत्तमराव इंजिनावर वाकले. “आणि अक्षता?”

“वाहिल्या की. चिमूटभर.”

“कुठे?”

“तोंड उघडं होतं तिथे.”

“चिमूट म्हणजे किती दाणे?”

“अहो, चिमूट म्हणजे चिमूट! दाणे मोजून कोणी पूजा करतं का?”

उत्तमरावांनी पान्याला हात घातला, तशी मागून जिवाने आरोळी ठोकली. “भाऊ! नवमीचा हात नाय लावायचा. उद्या पूजा हलवल्याशिवाय पाड्यातला एक मानूस वासा धरनार नाय.”

इतक्यात फोन वाजला. तुळशीदास. “दाजी, उद्या संध्याकाळी नाही, सकाळीच निघायचंय खोडाळ्याला. पहिल्या गाडीने येतो. गाडी ठीक ना?”

“एकदम उंचावर आहे,” उत्तमराव म्हणाले आणि फोन ठेवला.

दसऱ्याला उजाडताच सुशीलाबाईंनी पूजा हलवली. उत्तमराव केरसुणीच्या काडीला ग्रीस लावून इंजिनाच्या तोंडात घालत होते, आणि दाणा चिकटून आला की तळहातावर ठेवत होते. शेवटी तळहातावरचा ढीग बायकोपुढे धरला.

“एवढीच होती चिमूट?”

त्यांनी निरखून पाहिले. “एवढीच असावी.”

‘असावी’ या शब्दावर इंजिन गाडीखाली सरकले. वासा आला, हय्या झाले, ओंडके निघाले, गाडी खाली आली. जॅकने इंजिन वर, बोल्ट आत, चिठ्ठी पाहून वायर, चिठ्ठी पाहून नळी. हार काढायला सवडच नव्हती. शेवटी एकही बोल्ट उरला नाही. याचीच उत्तमरावांना अधिक भीती वाटली.

ते पाणी ओतत असतानाच फाटक वाजले. तुळशीदास उघड्या बॉनेटपाशी आला, आत पाहिले, आणि त्याने हात जोडले.

“दाजी, लोक बॉनेटला हार घालतात. तुम्ही इंजिनाची पूजा केलीत?”

उत्तमरावांनी मान खाली घातली. ती विनयाने घातली, असे मेहुण्याला वाटले. तुळशीदासने चावी फिरवली. गाडी खोकली. गप्प झाली. सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्यांदा खोकली, धुराचा एक भपकारा सोडला, आणि सुरू झाली. जिवाने पाड्याच्या वतीने टाळ्या वाजवल्या.

रात्री फोन आला : मुलगी पसंत, मुलगाही पसंत, आणि गाडी तर फारच पसंत.

सकाळी उत्तमराव अभिमानाने रिकाम्या पडवीत उभे राहिले. खाली पुठ्ठा तसाच होता. त्यावर रुपयाएवढा ताजा, ओला डाग होता. गाडी खोडाळ्यात होती.

त्यांनी हळूच वर पाहिले. पत्र्याखालच्या वाशावर, सासूबाईंनी पाठवलेल्या मोहाच्या तेलाचा डबा कलला होता. त्याच्या बुडाशी एक थेंब जमत होता. तोच थेंब इतके दिवस गाडीच्या काचेखालच्या जाळीत पडून, इंजिनाच्या मागून ओघळून, पुठ्ठ्यावर येत असावा.

“सुशीला! हा डबा गळतोय!”

“मग?” आतून उत्तर आले. “तेव्हापासूनच गळतोय.”

‘तेव्हापासून’ म्हणजे इंजिन उतरवण्याच्या आधीपासून की नंतरपासून, हे मी सुशीलाबाईंना तीनदा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. उत्तमराव तर तो प्रश्न विचारायलाच तयार नाहीत. त्यामुळे हकिकतीतला तेवढा भाग मला अखेरपर्यंत पडताळून पाहता आला नाही.